प्रेमबाबाचं वळण

कालच्या उन्हात मऊ झालेल्या डांबरात करवंटीचा एक तुकडा रुतून बसला होता. वर राहिलेली कड चाकांनी घासून काळी, गुळगुळीत केलेली. एका कोपऱ्याला मात्र खोबऱ्याचा पांढरा पापुद्रा अजून चिकटलेला, आणि त्यावर मुंग्या. चाक आलं की मुंग्या नाहीशा होत. मग थोडा वेळ नुसता तुकडा. मग कडेच्या धुळीतून, मागे राहिलेल्या वासाच्या रेषेवरून, दुसऱ्या मुंग्या येत, त्याच वाटेनं, त्याच पापुद्र्यावर. आधीच्यांचं काय झालं हे कळायला त्यांना काही मार्ग नव्हता. जया रस्त्याच्या कडेला उभी राहून हे बघत होती, कारण दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच: समोर सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला एक दहा चाकी ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर उतरून प्रेमबाबाच्या ओट्याकडे गेला होता, आणि त्या ट्रकच्या पलीकडून काय येतंय हे कळायला तिलाही काही मार्ग नव्हता.

"आई, चल न. उशीर होऊन राह्यला," राखी म्हणाली.

"थांब."

"पण गाडी तर उभी हाय."

गाडी उभी आहे म्हणूनच थांब. हे नऊ वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं... म्हणजे सांगता येतं, तिनं सांगितलंही होतं, घरात फरशीवर पाटी उभी करून, पाटीच्या मागे वाटी ठेवून — बघ, दिसते का वाटी? नाही ना. प्रकाश सरळ रेषेत जातो, राखी, तो वळत नाही. राखीनं मान डोलावली होती आणि दुसऱ्याच दिवशी उभ्या ट्रकच्या तोंडासमोरून पळत सुटली होती. कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी तशाच पळतात, कारण तिथं थांबून राहिलं तर शाळा सुटायची वेळ होईल. एक ट्रक हलतो, दुसरा येऊन उभा राहतो. मुकुटबनकडून येणारे तांड्याच्या बाजूला थांबतात, पांढरकवड्याकडून येणारे शाळेच्या बाजूला. दोन्ही बाजूंना भिंती, आणि मधल्या फटीतून न थांबणारे सगळे — कापसाचे, कोळशाचे, ट्रॅव्हल्सवाले — वळणावरच ओव्हरटेक करत निघालेले.

ड्रायव्हर परत आला. त्यानं नारळ पुढच्या चाकासमोर डांबरावर आपटला, पाणी उडालं, अर्धी भकलं त्यानं उचलली, अर्धी तिथंच राहिली. कपाळाला हात लावला. वर चढला. जयानं नेहमीप्रमाणे त्याच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं. हे तिला बंद करायचं होतं आणि बंद होत नव्हतं. ज्या गाडीनं तिच्या नवऱ्याला, प्रेमला, उडवलं ती सापडली नाही; कुणी म्हणालं आंध्राची होती, कुणी म्हणालं इकडचीच, नंबर कुणी घेतला नाही. म्हणजे तो माणूस अजून गाडी चालवतो आहे. हा रस्ता त्याचा नेहमीचा असेल तर तो इथं थांबतही असेल. नारळ फोडत असेल. जास्त मनोभावे फोडत असेल.

ट्रक निघाला आणि निघताना त्यानं लांबलचक हॉर्न दिला. सलामी. प्रेमबाबाला सलामी.

तिनं राखीचा हात धरून रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर नेहमीसारखंच तिला हायसं वाटलं, आणि त्याचा राग आला. आपल्याच गावातला रस्ता ओलांडून आल्याबद्दल हायसं का वाटावं? कुणी, कोणत्या अधिकारानं आपल्याला इतकं लाचार करून ठेवलंय?

आठवीच्या वर्गात ध्वनीचा धडा चालू होता. कंपन, माध्यम, तरंग. प्रत्येक वाक्याच्या मध्ये हॉर्न. मग ती थांबायची, मुलं थांबायची, फळ्यावरचा खडू थांबायचा. मुलांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं विज्ञान असंच शिकवतात, तुकड्या-तुकड्यांनी. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं एकदा विचारलं होतं, "मॅडम, बाबाले आवाज जाते काय जी, खरंच?" आणि शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं होतं, कारण बाकीच्यांना ठाऊक होतं की बाबा म्हणजे मॅडमचा नवरा.

बाबा! त्याच वळणावर प्रेमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटरी यायच्या. तो आतली काळी तार उपटून काढायचा आणि नवी तांब्याची तार हातानं भरायचा, ओठांतल्या ओठांत वेढे मोजत. मोजणीच्या मध्ये ट्रकनं हॉर्न मारला की आकडा चुकायचा, आणि चुकला की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. मग तो दुकानाच्या दारात येऊन रस्त्याच्या दिशेनं ओरडायचा, "बहिरा नाई बे मी! अजून नाई झालो!" लोक हसायचे. तो स्वतःही हसायचा. त्याला मटण आवडायचं, झोप आवडायची, नवस-बिवस म्हटलं की तो म्हणायचा, देवाची वायरिंग आपल्याला कळत नाही, आपण हात लावू नये. त्या माणसाला तुम्ही हॉर्न देता. दिवसरात्र देता. तो जिवंत असता तर एकेकाची कॉलर धरली असती त्यानं... नाही, धरली नसती, नुसता ओरडला असता. पण ओरडला तरी असता! मी तेही केलं नाही.

ओटा कुणी मुद्दाम बांधला नव्हता. पहिल्या आठवड्यात सासूनं, मानीबाईनं, तो पडला त्या जागी चार दगड मांडले आणि दिवा ठेवला — तांब्याची तार त्याच्या हातातून सुटून साइडपट्टीवर लांबवर उलगडत गेली होती ती जागा. दिवा चुकवायला गाड्या हळू होऊ लागल्या. मग एका ड्रायव्हरनं उतरून नारळ फोडला. मग कुणीतरी म्हणालं, बघा, महिना झाला, एकही अपघात नाही. तांड्यातल्या लोकांनी तेव्हा ब्रेकरसाठी सह्या गोळा केल्या होत्या. तो कागद तसाच राहिला. कायले पाह्यजे ब्रेकर, आपला प्रेम हाय न राखणीले. दगडांवर सिमेंट आलं, सिमेंटवर फरशी, फरशीवर पांढरा झेंडा, टिनाचं छप्पर, कुलपाची दानपेटी, रंग बदलणाऱ्या लाइटची माळ, शेजारी पुष्पाचं नारळाचं दुकान, आणि पुढाऱ्याच्या फोटोचा बोर्ड — भव्य सभामंडप लवकरच. गाड्या आता हळू होत नव्हत्या. थांबत होत्या. आणि थांबलेल्या गाड्यांना चुकवायला न थांबणाऱ्या गाड्या रस्त्याच्या मधोमध येत होत्या, जिथं माणसं उभी असतात. हे समजायला काय लागतं? पदवी लागते? एका बाजूला उभं राहून दुसऱ्या बाजूला बघायचं, बस.

आणि तो फोटो. लग्नातला. दोघांचा होता. कापून, मोठा करून, मागे भगवी किरणं घालून फ्रेम केलेला. ज्यानं कापला त्याला घाई असणार, कारण प्रेमच्या डाव्या खांद्यावर अजून दोन बोटं आहेत. माझी बोटं. त्यावर रोज हार पडतो. भाविक लोक त्या बोटांनाही कुंकू लावतात... कुणाची आहेत असं एकालाही विचारावंसं वाटलेलं नाही.

मोतीबाईलाही वाटलं नसेल. मोतीबाई तांड्यातली, भाजी विकणारी म्हातारी. गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन ती ओट्यासमोरच्या उभ्या ट्रकाआडून निघाली आणि पलीकडून आलेल्या पिकअपनं तिला उडवलं. जीव वाचला. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. त्या दिवशी रस्त्यावर वांगी पसरली होती आणि थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओट्यावर डोकं टेकून म्हणत होता, बाबानेच बचाया. बाबांनी वाचवलं! जया तिथंच उभी होती. तोंडात शब्द होता, ओटा काढा म्हणायचा. मोतीबाईला जीपमध्ये घालताना तिचं लुगडं सावरण्यात तो शब्द गेला.

तसा तो अनेकदा गेला होता. दिवाळी होऊ दे. मग होळी होऊ दे, याडीचं, सासूचं, मन थोडं... मग याडीच्या डोळ्याचं ऑपरेशन. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हेच वाईट. खोटं असतं तर लाज वाटून तरी बोलले असते.

मोतीबाईनंतर जुना कागद पुन्हा निघाला. दुकानदार, शाळा, तांडा, सगळ्यांच्या सह्या झाल्या: दोन ब्रेकर, शाळेसमोर पांढरे पट्टे, ट्रक थांबायला वळणाच्या पुढे वेगळी जागा. आज बांधकाम खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. सकाळची शाळा सुटायच्या जरा आधी मुख्याध्यापकांनी जयाला खूण केली — जा, तुमचं तिथं असणं बरं.

साहेब आधीच आले होते. डोक्यावर रुमाल, हातात फाइल, चेहऱ्यावर रस्त्याकाठी आयुष्य गेलेल्या माणसाचा थकवा. त्यांच्याशेजारी तांड्याचे नायक भावसिंग, पांढरं धोतर, पांढरी पगडी, हातात काठी. पंक्चरवाला बाबाराव टायरवर बसलेला. पुष्पा नारळांच्या ढिगामागे. आणि ओट्याच्या पायरीवर, टिनाच्या सावलीत, मानीबाई. पदरानं फोटोची काच पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"ब्रेकरचं होईल," साहेब म्हणत होते. "पट्ट्यांचंही होईल. पण हे बघा, ब्रेकर कुठे येणार? इथेच. आणि इथे तुमचं देवस्थान. ब्रेकरवर गाडी हळू होणार, मग आणखी गाड्या थांबणार. पट्टे मारले तर पट्ट्यांवर ट्रक उभे राहणार. मी काय करू?"

"बाबाच्या किरपेनं आतापावतर गाड्या हळूच जातेत, साहेब," भावसिंग म्हणाले.

"मंग मोतीबाईचा पाय काय उंदरानं कुरतडला, नायक?" बाबाराव टायरवरून म्हणाला.

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. भावसिंगांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तू पंक्चर काढ रे बाबाराव. चार गाड्या इथी थांबतेत म्हणून तुह्यं दुकान चालते."

"चालते न. म्हणून त बोलून राह्यलो. माह्यं खाऊन मीच बोलतो, तुमी त तेही नाई."

"धार्मिक बाब आहे," साहेब घाईनं म्हणाले. "आम्ही हात लावला तर उद्या रस्ता रोको. आमच्याकडून हलणार नाही हे. घरचे म्हणाले, नायक म्हणाले, तर गोष्ट वेगळी. नाहीतर मी शेरा मारतो, जागेअभावी शक्य नाही. पुन्हा पाहणी कधी होईल सांगता येत नाही."

घरचे. हा शब्द ऐकून सगळ्यांनी पाहिलं ते मानीबाईकडे. जयाकडे कुणी पाहिलं नाही. तिला ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं नाही, ते सवयीनं होतं, आणि म्हणूनच रक्त कानांत चढलं. मी उभी आहे इथं! माझा फोटो कापला, माझा माणूस वाटून खाल्ला तुम्ही, दानपेटीत, मंडपात, नारळात. देव केला त्याला, म्हणजे कुणाला विचारायला नको की तो मेला कसा. जिवंत माणूस मरतो तेव्हा कुणाचातरी दोष असतो. देवाचा कसला अपघात? गाडी शोधायला नको, वळण सरळ करायला नको, साहेबांना पाठवायला नको... आणि ज्या गाड्यांनी मारलं त्याच गाड्यांचा राखणदार करून टाकला त्याला. रोज. फुकट.

पुष्पानं तिच्याकडे पाहिलं होतं मात्र. पुष्पाच्या लक्षात आलं होतं.

"मॅडम," ती नारळ रचत, वर न बघता म्हणाली, "तुमाले महिन्याचा पगार हाय. माह्यावाल्या पोटाचंही पाहा मंग."

पुष्पाचं चुकलेलं नव्हतं. कुणाचंच पूर्ण चुकलेलं नव्हतं आणि तरी मोतीबाई खाटेवर होती.

मानीबाई संध्याकाळी इथं येते. दिवा लावते आणि बसते, आणि बोलते, तांड्याच्या गोरबोलीत, हळू. एकदा जया मागून आली होती आणि चपला न वाजवता उभी राहिली होती. तिला वाटलं होतं म्हातारी रडत असेल, नवस बोलत असेल. ती सांगत होती की काळी शेळी व्यायली, दोन झाले, एक लंगडा आहे. राखीचे केस फार गळतात. जया जेवत नाही नीट. विहिरीवरची मोटर पुन्हा जळाली, आता कुणाला देऊ रे भरायला? मध्ये थांबत होती, ऐकल्यासारखी. मग पुढचं. जया आल्या पावली परत गेली होती. घरात म्हातारी इतकं कधी बोलत नव्हती. ह्या जागेवर कुदळ घालायची तर त्या बोलण्यावर घालायची. ते कुठे नेऊन ठेवणार? शेताच्या कडेला, चिंचेखाली जागा आहे. जयानं मनातल्या मनात कितीदा तिथं ओटा बांधला होता, सावलीत, वाऱ्याला, हॉर्नपासून लांब. पण जागा म्हणजे दगड नव्हेत. तो इथं पडला होता. चिंचेखाली पडला नव्हता.

आणि नायकासमोर बोललेलं परत घेता येत नाही. तांड्याची ती रीत तिला लग्नात पहिल्याच दिवशी सांगितली होती: सून नायकासमोर बोलत नाही, बोललीच तर ते घराचं बोलणं धरलं जातं, मग घर मोडलं तरी ते मोडत नाही. तेव्हा तिला हसू आलं होतं. प्रेमलाही. तो म्हणाला होता, मग तू बोलत जा, मला बरं पडेल.

"याडी," भावसिंग मानीबाईला म्हणाले, मोठ्यानं, साहेबांना ऐकू जावं म्हणून, "तूच सांग. पोराले इथून उठवाचं काय?"

असा विचारला प्रश्न! पोराला उठवायचं का! जयानं मुठी आवळल्या. म्हातारीचा पदर काचेवर थांबला होता. ऑपरेशन झालेला डोळा उन्हात पाणावत होता. तो नेहमीच पाणावतो, डॉक्टर म्हणाले आहेत त्यात काही विशेष नाही. ती भावसिंगांकडे बघत नव्हती. साहेबांकडेही नाही.

"मले कायले इचारता," ती म्हणाली. "मी त आंधळी म्हातारी." मग, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, "घरात दुसरी हाय एक. कवाची शब्द गिळून राह्यली. मले काय दिसत नाई?"

म्हणजे माहीत होतं. दिवाळीला माहीत होतं, होळीला माहीत होतं. चपला न वाजवता परत गेले तेही माहीत असेल. जयाला वाटलं आता हलकं वाटायला हवं. हलकं वाटलं नाही. म्हातारीच्या आवाजात परवानगी नव्हती. बोल, असं तिनं म्हटलं नव्हतं. गिळते आहेस हे दिसतं, एवढंच म्हटलं होतं. त्याच्या पुढचं सगळं जयावर टाकून ती पुन्हा काच पुसू लागली होती.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "मग लिहू? स्थानिकांचा विरोध?"

"इरोध नाई जी," भावसिंग दुखावल्यासारखे म्हणाले. "सरधा. सरधा लिवा."

शाळा सुटली. आधी घंटा, मग तो नेहमीचा एकदम फुटणारा गलका. शाळेच्या बाजूला पांढरकवड्याकडचा एक ट्रक येऊन लागला होता, बंद इंजिन, उघडं दार, ड्रायव्हर हात जोडत इकडे येत होता. ट्रकामुळे मुलं दिसत नव्हती. दिसत होते ते ट्रकच्या पोटाखालून, चाकांच्या मधून, नुसते पाय, घोट्यापर्यंत. काळे बूट, मळकट मोजे, तुटक्या बक्कलच्या सँडल, काही अनवाणी. एका रांगेत येऊन थांबलेले, चुळबुळणारे, एकमेकांच्या पायांवर पाय देणारे. एक पाय पुढे येई आणि मागे जाई. जया बघत राहिली. तिला राखीचे पाय ओळखता येईनात. सकाळी तिनंच बूट घातले होते तिला, काळे, बहुतेकींसारखे काळे. आणि आता त्या सगळ्या पायांमधून आपलं पाऊल वेगळं काढता येत नाही ह्याची तिला भीती वाटायला हवी होती, पण भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी येत होतं, थंड, स्वच्छ, प्रयोगशाळेतल्या काचेसारखं. कोणते माझे हे कळायची गरजच काय? पुढे येणारा तो पाय, मागे जाणारा तो पाय, तो कुणाचाही असो...

तिनं पदर डोक्यावर घेतला नाही. दोन पावलं पुढे होऊन ती साहेबांच्या आणि नायकांच्या मध्ये उभी राहिली. पुष्पाच्या हातातला नारळ तसाच राहिला. बाबाराव टायरवरून उठला.

"नायक," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वर्गातला वाटला नाही, घरातलाही नाही. भावसिंगांनी दचकून आधी मानीबाईकडे आणि मग नाइलाजानं तिच्याकडे पाहिलं. मानीबाईचा हात काचेवर, बरोबर त्या दोन बोटांपाशी, थांबलेला जयाला दिसला. तरी ती थांबली नाही. मी थांबले नाही.

"हा ओटा इथून काढायचा," मी म्हणाले. "साहेब, शेरा मारायचा तर हा मारा. घरचे म्हणतात, काढायचा. मी त्याची बायको आहे. मी सांगतेय."